भेटणारे आणि ताटकळणारे

मंत्री कोणाला भेटतो यावरून राज्य कोणाचं ते कळतं. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. माझा बाप सफाई कामगार होता, युनियनचंही बघायचा. गावात कुठलाही मंत्री आला की हा कागद घेऊन रेस्टहाऊसच्या फाटकाशी हजर. अंगात ठेवणीतला सदरा. दुपार फाटकाशीच जायची.

रात्री आई विचारायची, "भेटलं का सायेब?"

"भेटलं की. गाडीत बसता बसता घेतला कागद हातात."

"मंग काय म्हनलं?"

"म्हनलं, बघू."

त्याच फाटकातून ठेकेदारांच्या मोटारी आत जायच्या. त्यांना खुर्ची, चहा, बिस्कीट. त्यांच्या हातात कागद नसायचा. त्यांच्या भेटीला 'चर्चा' म्हणत, बापाच्या भेटीला 'निवेदन'. चर्चेतून ठेका निघायचा, निवेदनावर आवक क्रमांक पडायचा. बाप मेल्यावर पत्र्याची पेटी उघडली तर गोल शिक्क्यांच्या प्रतींचा गठ्ठा निघाला. मागणी सगळीकडे एकच : हातमोजे, बूट, कायम नोकरी.

तुम्ही म्हणाल, मंत्री झाला म्हणून त्यानं कुणाकुणाला भेटायचं? बरोबर आहे. दिवस चोवीस तासांचाच. पण म्हणून तर प्रश्न आहे. वेळ थोडा असला की तो कोणाच्या वाट्याला जातो ते बघायचं. भाकरी थोडी असली की घरात कोण आधी जेवतं ते कळतं, तसंच हे.

विलायतेत २०१० पासून सरकारी खाती दर तीन महिन्यांनी एक यादी काढतात. मंत्री बाहेरच्या कोणत्या कंपनीला, संघटनेला भेटला, कधी, कशासाठी. कशासाठीच्या रकान्यात पुष्कळदा दोनचार मोघम शब्द असतात. ब्रुसेल्सला युरोपियन कमिशनचे कमिशनरही १ डिसेंबर २०१४ पासून आपल्या भेटी जाहीर करतात. या याद्यांनी तिथल्या गरिबाचं राज्य आलं असं नाही. पण निदान पान आहे. पानावर बोट ठेवून विचारता येतं : यांना चार वेळा, आम्हाला एकदाही नाही, असं का?

आपल्याकडे २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. धोरण ठरवताना लोकांशी सल्लामसलत करायची काय व्यवस्था आहे, ते कार्यालयानं आपणहून सांगावं असं त्याच्या कलम ४ मध्ये लिहिलंय. लिहिलंय तेवढंच. मंत्र्यानं आपल्या भेटीगाठींची यादी छापलीच पाहिजे, असा कायदा या देशात नाही.

बजेटच्या आधी दिल्लीत अर्थमंत्री गटागटानं लोकांना बोलावतात. उद्योगवाले, बँकवाले, शेतकी, कामगार. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रीय कामगार संघटनांना कळवलं की बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. दहा संघटनांनी बैठकीवर बहिष्कार टाकला. कोट्यवधी कामगारांचं दुखणं तीन मिनिटांत कसं सांगणार? तीन मिनिटांत फार तर मेलेल्यांची नावं वाचून होतील.

बाबासाहेब १९४२ च्या जुलैत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. ७ ऑगस्ट १९४२ ला दिल्लीत परिषद भरली, सरकार, मालक आणि कामगार अशी तिघांची. मालक आधीपासून सरकारला भेटतच होते, त्यांना परिषदेची गरज नव्हती. नवी होती ती कामगाराची कायमची खुर्ची. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादकडे कोळशाच्या खाणीत स्वतः उतरले. निवेदन वर यायची वाट बघत बसले नाहीत. भेट अशीही असते, मंत्री खाली जातो ती.

आणि न झालेली भेट कशी असते ते नागपूरनं बघितलं. २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन चालू. गुरं राखणारी गोवारी माणसं बायकापोरांसह विधानभवनाकडे आली. मागणी काय? आम्हाला अनुसूचित जमातीत धरा. दिवसभर बसली. एका मंत्र्यानं बाहेर यावं, हातात कागद घ्यावा, 'बघू' म्हणावं, एवढंच हवं होतं. कोणी आलं नाही. संध्याकाळी लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं मेली. बहुतेक बाया आणि पोरं. विधानभवन हाकेच्या अंतरावर होतं.

मग १९९५ मध्ये विशेष मागास प्रवर्ग दिला. २०१८ मध्ये नागपूर खंडपीठ म्हणालं, हे अनुसूचित जमातीचेच. डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला. कायद्याचं काय ते कायद्याचे लोक बोलोत. माझं म्हणणं साधं आहे. त्या संध्याकाळी कोर्ट नको होतं, कायदा नको होता. दहा मिनिटांची भेट हवी होती, आणि ती कोणाच्याही हातात होती.

मला बापाचं 'बघू' नेहमी खोटं वाटायचं. नागपूरचं वाचल्यावर कळलं की 'बघू'सुद्धा सगळ्यांच्या नशिबात नसतं.

म्हणून माझी मागणी भीक नाही, हिशेब आहे. प्रत्येक मंत्र्याच्या दारावर वही टांगा. कोण आलं, किती मिनिटं बसलं, काय मागितलं, काय मिळालं. ठेकेदाराची मिनिटं आणि झाडूवालीची मिनिटं एकाच पानावर येऊ द्या, बेरीज आम्ही करू. आणि त्या वहीत एक रकाना जास्तीचा ठेवा : ज्यांना भेट दिली नाही त्यांचा. हा रकाना सगळ्यात रुंद लागेल. २३ नोव्हेंबर १९९४ च्या तारखेला तर एक पान पुरणार नाही.