कुंडल रोड

आमच्या शेतातला लोखंडी नांगर गेल्या दिवाळीत चुलतभावानं भंगारात घातला. किलोवर. मला विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलंच नाही. ट्रॅक्टर येऊन तीस-पस्तीस वर्षं झाली, नांगर गोठ्यामागं पडून होता, त्याला पाय अडखळून म्हातारी पडली असती तर? त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तरी मी त्याच्याशी अजून धड बोलत नाही.

नांगर दिसायला काही खास नव्हता. दोन मुठींतली एक गेलेली, इसाडावर गंजाचे पापुद्रे, फाळ झिजून निम्म्यावर आलेला. पण माती पालथी घालणारा त्याचा पंख होता ना, तो आतल्या बाजूनं इतका गुळगुळीत झाला होता की पावसाळ्यातही तिथं गंज लवकर धरत नसे. काळी माती वर्षानुवर्षं त्यावरून सरकत गेलेली. लहानपणी मी तिथं हात फिरवत बसायचो. आजी म्हणायची, ‘फिरव फिरव. माझ्या बाचा हात लागलाय त्याला.’ त्याच नांगराला लागला होता की तशा हजारोंतल्या कुठल्या दुसऱ्याला, हे सांगणं अशक्य होतं. आजीला त्याची फिकीर नव्हती. वाडीत ओतलेला प्रत्येक नांगर तिच्या बापाचाच.

वाडी म्हणजे किर्लोस्करवाडी. आमच्या घरात नुसतं ‘वाडी’ म्हटलं तरी पुरे.

नांगर गेल्यावर मी तिकडे जाऊन यायचं ठरवलं. साताऱ्याला कोयना एक्स्प्रेस धरली. कोरेगाव, रहिमतपूर मागं पडलं की दोन्ही बाजूंना ऊस लागतो आणि मिरजेपर्यंत सुटत नाही. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही. कऱ्हाडचं स्टेशन खरं म्हणजे ओगलेवाडीत आहे. १९१६ साली तिथं ओगले बंधूंनी काचकारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रातल्या किती घरांत आणि किती गोठ्यांत जळला असेल! कारखाना कधीच बंद पडला. गाडी दोन मिनिटं थांबते, माणसं कऱ्हाडला म्हणून उतरतात आणि रिक्षा बघतात.

ओगलेवाडी आज सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगलीत. पण त्या वसल्या तेव्हा दोन्ही जागा औंध संस्थानच्या. तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं, नकाशावर शिंतोडे उडाल्यासारखं दिसणारं हे संस्थान. आणि त्याचे राजे भवानराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, यांना चित्रांचं आणि सूर्यनमस्कारांचं जितकं वेड तितकंच उद्योगी माणसांना जागा देण्याचं. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झालं, वाडी ‘दक्षिण सातारा’ जिल्ह्यात गेली आणि १९६० साली त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. आजीनं घर न हलवता इतके पत्ते बदलले. तिला कुणी जिल्हा विचारला तर शेवटपर्यंत ‘सातारा’च सांगायची.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते तशी आटोपशीर सांगता येते. जन्म २० जून १८६९, बेळगाव भागातलं गुर्लहोसूर. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही तिथलेच. मुलाला चित्रकार व्हायचं होतं. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि लक्षात आलं की काही रंगांमधला फरक डोळ्यांना पुरता कळतच नाही. मग रेषा धरली, यांत्रिक ड्रॉइंग शिकले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीची पाळी आली तेव्हा ती दुसऱ्या, साहेबी रक्ताच्या माणसाला मिळाली. राजीनामा देऊन ते बेळगावला परतले. तिथं सायकलींचं दुकान होतं, ‘किर्लोस्कर ब्रदर्स’. मग कडबा कापायचं यंत्र, मग १९०३ च्या सुमाराला लोखंडी नांगर.

इथवर कुणीही सांगेल. मी अडकतो ते त्या पुढच्या दोन वर्षांत.

नांगर तयार झाला आणि घ्यायला कुणी येईना. लोखंडानं जमीन नासते, विषारी होते, असं शेतकऱ्यांचं म्हणणं. आज आपण हसतो, पण ज्याच्या घरात पुढच्या सुगीपलीकडं दाणा नाही त्यानं जमिनीबाबत भित्रं असावं, यात मला तरी अडाणीपणा दिसत नाही. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली. सहा! उद्योजकाच्या चिकाटीची कथा म्हणून हे भाषणांत सांगतात, टाळ्याही पडतात. मला प्रश्न पडतो तो वेगळाच: त्या दोन वर्षांत घरी रोज संध्याकाळी काय बोलणं होत असेल? माल पडून आहे, भट्टी खाते आहे, पाठोपाठच्या बाळंतपणांचं घर आहे. १९०३ च्याच मे महिन्यात सोलापूरला शंतनूचा जन्म झाला. सोलापूरला थोरले बंधू वासुदेवराव डॉक्टर होते. म्हणजे न विकलेला नांगर आणि पाळण्यातला मुलगा एकाच वयाचे. थांबायचं धाडस एकट्या माणसाचं नसतं. चिकाटीचा खर्च कुठल्या तरी स्वयंपाकघरातून जातो, आणि लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाईंचं नाव कारखान्याच्या इतिहासात नेहमी घाईघाईनं येऊन जातं, ही माझी जुनी तक्रार आहे.

आणि दुसरी तक्रार रामुअण्णांबद्दलची.

रामुअण्णा लक्ष्मणरावांपेक्षा मोठे. चित्रकला शिकायला मुंबईला जायचं म्हटल्यावर वडिलांचा विरोध होता, तेव्हा धाकट्याच्या पाठीशी हे उभे राहिले. दुकानाच्या पाटीवरच्या ‘ब्रदर्स’मधला दुसरा भाऊ तो हाच. पुढे वाडी वसली तेव्हा घरं कुठं, रस्ते कुठं, पाणी कुठून, कोण कुठं राहणार, ही गावाची सगळी आखणी आणि व्यवस्था रामुअण्णांनी सांभाळली. लक्ष्मणरावांनी कारखाना उभा केला, या वाक्यात गाव कुणी उभं केलं ते राहून जातं. एक भाऊ यंत्राकडं तोंड करून उभा असेल, तर दुसऱ्याला त्याच्या पाठीमागच्या सगळ्या संसाराकडं तोंड करून उभं राहावं लागतं. आपल्याकडं एकत्र कुटुंबाची वाटणी होते तेव्हा असल्या भावाच्या वाट्याला काय येतं, हे मी घरातच पाहिलेलं आहे. म्हणून या माणसाबद्दल मला जरा जास्तच वाटतं, हे कबूल.

बेळगावात कारखान्याच्या जागेवर नवी वसाहत करायची म्हणून नगरपालिकेनं उठायला सांगितलं. लक्ष्मणराव त्या सुमारास औंधला एका सभामंडपाच्या कामावर होते. राजेसाहेबांनी कुंडल रोड नावाच्या आडबाजूच्या स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन देऊ केली आणि वर कर्जही दिलं. १० मार्च १९१० ही वाडीची तारीख. जमीन म्हणजे निवडुंगाचं रान, आणि निवडुंगाखाली नाग. पंचवीस कामगार आणि त्यांची बायकामुलं तिथं उतरली.

आजी तेव्हा अंगावर पिणारी. तिची आई तिला झोळीत न घालता मांडीवरच घेऊन रात्र काढायची, कारण झोळीच्या दोरीवरून काही उतरलं तर? हे अर्थात आजीनं ऐकून सांगितलेलं. पण निवडुंग तोडून जाळताना येणारा तो हिरवट, चिकट धूर तिला स्वतःला आठवायचा. रात्रीच्या राखणीला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघंही शिक्षा भोगलेले गुन्हेगार. लक्ष्मणरावांनी त्यांच्याच हाती वाडीची राखण दिली. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथं इंजिनिअर झाले, हिशेब मंगेशराव रेग्यांकडं, यंत्रं शंभुराव जांभेकरांकडं. लक्ष्मणरावांनी माणसं निवडली असं म्हणतात. मला वाटतं त्यांनी ती ठेवून घेतली, जशी मोठ्या वाड्यात कुणाकुणाला ठेवून घेत.

आजीच्या बोलण्यात पुन्हापुन्हा यायचा तो मात्र ओतकामाचा दिवस. पणजोबा मोल्डर. ओलसर वाळूत लाकडी नमुना दाबून साचा करायचा, नमुना अलगद उचलायचा, कडा ढासळली तर बोटानं आणि फुंकरीनं सावरायची. हे काम शांतपणे चाले. पण क्युपोला पेटली की सगळं पालटायचं. एकदा लोखंडाचा रस धरला की भट्टी मध्येच थांबवता येत नाही. दोघं दोघं लांब दांड्यांचं भांडं धरून पळत्या चालीनं साच्यांपाशी जाणार, धार मोडू न देता ओतणार, परत फिरणार, शेवटचा साचा भरेपर्यंत. त्या दिवशी जेवायची वेळ म्हणून नसायची. भाकरी करून पणजी उंबऱ्यात बसायची, पण खायला कुणी नाही. पोरांनी मागितली तरी ‘बाला येऊ दे’. पावसाळ्यात तिचा डोळा आभाळावर. वाळूत पाणी जास्त झालं की तापलेला रस साच्यातून उसळून अंगावर येतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नवऱ्याच्या मनगटांवरचे डाग मोजून ते तिला कळलं होतं. अंधार पडल्यावर तो यायचा. आधी न्हाणीत जायचा नाही, उंबऱ्यात बसूनच राहायचा, आणि आजी त्याच्या केसांतली वाळू काढायची. ‘काळी वाळू,’ ती म्हणायची, ‘बोटाला कढत लागायची बघ.’ इतक्या वेळानं कढत असणं शक्य नाही. पण साठ वर्षांनीही ती सांगताना बोटं आखडून घ्यायची.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, कोळसा मिळेना. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. आजीच्या मते त्यातली सर्वांत मोठी तोफ तिच्या बानंच ओतली. असेल. १९२० मध्ये कंपनी लिमिटेड झाली. त्याच वर्षी पुतणे शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं, पाठोपाठ १९३० ला ‘स्त्री’ आणि १९३४ ला ‘मनोहर’. नांगराच्या गावातून मराठी मध्यमवर्गाचं अर्धं वाचन निघत होतं, आणि ज्या घरात काकांच्या डोळ्यांनी रंगांपुढं हार मानली त्याच घरातला पुतण्या व्यंगचित्रं काढत होता. १९२२ मध्ये शंतनूला अमेरिकेत एमआयटीला धाडलं. वाडीतून बोस्टनला! त्या काळच्या टपालाच्या हिशेबानं मुलाची खुशाली कळायला किती आठवडे लागत असतील, हे मनात येतं तेव्हा मला पुन्हा राधाबाईच आठवतात. चार वर्षांनी तो शिकून परतला, आणि १९२६ पासून वाडीत पंप होऊ लागले.

१९४८ बद्दल आजी बोलत नसे. गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ उसळली तिच्यात कारखाना पेटवला गेला. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर. पेटवायला आलेल्यांच्या गावांत वाडीचेच नांगर चालत होते. एवढंच एक वाक्य आजी एकदा बोलून गेली, तेही वडिलांनी जिल्ह्याच्या मोठेपणाचं काही सांगायला सुरुवात केली म्हणून. कारखाना पुन्हा उभा राहिला.

या खेपेला वाडीत मी दोनेक तास होतो. फाटकाच्या आत जायची खटपट केली नाही. झाडं मोठी झालीत, रस्ते अजून सरळ आहेत, आणि वळणांवर कुणीतरी विचार करून वळवलंय हे जाणवतं. पलूसकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्या पोराला म्हटलं, या स्टेशनाचं आधीचं नाव माहिती आहे का? तो म्हणाला, किर्लोस्करवाडीच की, आधीपासनं. मी पुढं काही बोललो नाही. ज्यानं बत्तीस एकर निवडुंग तोडला त्याला हे ऐकून बरंच वाटलं असतं.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. माझ्या वडिलांनी त्या तिकिटांची एक पट्टी आणून आजीला दाखवली. मी तेव्हा अकरा वर्षांचा. आजीनं चष्मा लावला, पट्टी उजेडाकडं धरली, सगळी तिकिटं एकेक करून पाहिली, जणू पुढच्या तिकिटावर वेगळं कुणी निघेल. मग म्हणाली, ‘रामुअण्णा कुठायत ह्याच्यात?’

वडील म्हणाले, ‘आई, एका तिकिटावर एकच माणूस घेतात.’

‘मग दुसरं काढायचं,’ आजी म्हणाली आणि पट्टी परत दिली.