एका कोठडीपलीकडचे सेल्युलर

श्रीविजयपुरमला, म्हणजे 2024 पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरला, आलेला मराठी प्रवासी सेल्युलर जेलच्या फाटकातून आत शिरला की तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या कोठडीची वाट धरतो. ती सावरकरांची कोठडी. तिथे हात जोडले जातात, फोटो निघतात. वाटेतल्या कोठड्या मात्र एकसारख्या म्हणूनच न पाहता मागे पडतात. या भक्तीला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ही इमारत मुळात क्रांतिकारकांसाठी बांधलेलीच नव्हती, आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या एका कोठडीचाही अर्थ पुरता लागत नाही.

अंदमानात पहिले 200 बंदी आले ते 1858 च्या मार्चमध्ये, सत्तावनच्या उठावानंतर. पुढे खुनी, दरोडेखोर असे साधे जन्मठेपीही येत गेले. काही वर्षे नीट वागलेल्या कैद्याला जमीन कसता येई, लग्न करून संसारही थाटता येई. 1890 मध्ये लायल आणि लेथब्रिज हे दोन अधिकारी पाहणीला आले, तेव्हा त्यांना आढळले की हिंदुस्थानातल्या तुरुंगापेक्षा कैद्यांना काळे पाणीच बरे वाटते! त्यावर त्यांनी उतारा सुचवला: नव्या कैद्याला आल्या आल्या काही काळ कडक बंदोबस्तात ठेवून हबकवायचे. त्यातून 1896 ते 1906 या काळात हा तुरुंग उभा राहिला, तोही कैद्यांच्याच हातांनी. मधल्या मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती, सुमारे सातशे कोठड्या. प्रत्येक इमारतीचे तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे समोर माणसाचा चेहरा म्हणून दिसू नये. कोठडी साडेतेरा फूट लांब, सात फूट रुंद. झरोका हात पोचणार नाही इतका उंच. दाराची कडी तर मुद्दाम पाहावी. तिची लांब दांडी बाजूच्या भिंतीतल्या कोनाड्यात जाते, त्यामुळे गजांतून खांद्यापर्यंत हात बाहेर काढला तरी कुलूप हाताला लागत नाही. अलीपूर खटल्यातले बारींद्र घोष, उल्हासकर दत्त 1909 मध्ये आणि सावरकर 1911 मध्ये आले, तेव्हा हे यंत्र आधीच चालू होते.

यावर कोणी म्हणेल, हे राष्ट्रीय स्मारक आहे. इथे दरोडेखोरांची आठवण कशाला? प्रश्न रास्त आहे. 11 फेब्रुवारी 1979 रोजी मोरारजी देसाईंनी ही वास्तू राष्ट्राला अर्पण केली ती हुतात्म्यांसाठीच, आणि मनोऱ्यातल्या संगमरवरी पाट्यांवर राजबंद्यांचीच प्रांतवार नावे आहेत. (बंगालच्या यादीपुढे मुंबई इलाख्याची यादी किती तोकडी, हेही मराठी माणसाने पाहून घ्यावे.) पण राजबंद्याला कोलूला जुंपून दिवसाकाठी तीस पौंड खोबरेल मागणारे वॉर्डर, जमादार, पेटी ऑफिसर कैदीच होते. कैद्यालाच कैद्यावर पहारेकरी नेमायचे, ही या व्यवस्थेची खुबी. साधा कैदी गोष्टीतून वगळला तर छळाचे श्रेय एकट्या जेलर बारीला मिळते आणि व्यवस्था नामानिराळी राहते. शिवाय त्या जन्मठेपींचे वंशज आजही याच शहरात राहतात. हा त्यांच्याही घराण्याचा इतिहास आहे.

दुसरा आक्षेप असा की ब्रिटिश गेले, तिथे ही गोष्ट संपली. ती संपली नाही. मार्च 1942 मध्ये जपानी आले आणि याच कोठड्या पुन्हा भरल्या. 30 डिसेंबर 1943 रोजी नेताजींनी या शहरात तिरंगा फडकवला. त्यानंतर महिन्याभरात, 14 जानेवारीला, डॉक्टर दीवान सिंग याच तुरुंगातल्या छळाने गेले. 30 जानेवारीला 44 जणांना हम्फ्रीगंजला नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. मालक बदलला तरी दांडी आणि कोनाडा तेच होते.

गच्चीवर गेले की सातांपैकी तीनच इमारती उरल्याचे दिसते. दोन जपानी काळात पाडल्या गेल्या. आणखी दोन स्वातंत्र्यानंतर आपणच पाडल्या, आणि जुन्या राजबंद्यांनी आवाज उठवला म्हणून उरलेल्या वाचल्या. तुरुंगाच्या आवारातच 1963 पासून गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे.