कुंभ आणि कमंडलू

२००४-०५ च्या हिवाळ्यात उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च पातळीवरची व्यावसायिक हॉकी बंद होती. मालक आणि खेळाडू यांच्यातील वेतनाचा वाद मिटला नाही, नॅशनल हॉकी लीगचा अख्खा मोसम रद्द झाला आणि त्या वर्षी स्टॅन्ली चषक कोणालाच मिळाला नाही. उपाशी राहिलेला प्रेक्षक मग आपापल्या गावच्या ज्युनियर संघाकडे वळला. आम्ही उभयता ऑन्टॅरिओ प्रांतातील लंडन या शहरात राहतो. (विलायतेतील लंडनशी याचा संबंध नावापुरता; नदीलाही येथे थेम्सच म्हणतात.) हॉकी आम्हाला ठाऊक होती ती ध्यानचंदांची, गवतावरची. बर्फावरची हॉकी आम्ही शिकलो ती मुलामुळे, आणि त्या हिवाळ्यात लंडन नाइट्स या संघामुळे. मोसमाच्या आरंभापासून सलग ३१ सामने हा संघ हरला नाही. मे २००५ मध्ये मेमोरियल चषकाची स्पर्धा आमच्याच गावात झाली आणि अंतिम सामन्यात नाइट्सनी रिमुस्कीच्या संघाला, म्हणजे कोवळ्या सिडनी क्रॉस्बीच्या संघाला, ४-० असे हरवले.

त्या गदारोळात आमचे लक्ष बर्फापेक्षा बाकाकडे अधिक होते. बाकामागे उभा असलेला प्रशिक्षक डेल हंटर आणि व्यवस्थापक मार्क हंटर हे सख्खे भाऊ. २००० साली त्यांनी हा संघ विकत घेतला. बाकावर बसलेल्या मुलांत एक डिलन हंटर, डेलचा मुलगा. म्हणजे त्या वीस मुलांपैकी एकाचा पिता प्रशिक्षक, काका व्यवस्थापक आणि दोघेही मालक. आमच्या शेजारी बसणाऱ्या, वर्षानुवर्षे हंगामी तिकीट काढणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना यात काहीच वावगे वाटत नव्हते. पोरगा खेळतो ना चांगला, मग झाले, असे त्यांचे म्हणणे. पोरगा खरोखरच चांगला खेळत होता. पण ‘मग झाले’ हे शब्द आमच्या मनातून गेले नाहीत.

ज्यांना हे जग अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. कॅनडात ज्युनियर हॉकीच्या तीन मोठ्या लीग आहेत. त्यांत साधारण सोळा ते वीस वर्षांची मुले खेळतात. पंधरा-सोळाव्या वर्षी संघ त्यांची निवड करतात, मुलगा घर सोडून परगावी अनोळखी कुटुंबात राहायला जातो, तेथील शाळेत जातो आणि हिवाळाभर बसमधून शेकडो किलोमीटर हिंडतो. संघाच्या मनात आले तर सतराव्या वर्षी त्याची दुसऱ्या गावाशी अदलाबदल होते. अमेरिकन विद्यापीठांच्या हॉकीचे दार तर अशा मुलाला कालपरवापर्यंत बंद होते. ते उघडले २०२५ मध्ये. एवढे सगळे पणाला लावून मुलाच्या हाती काय येते? बर्फावरची मिनिटे. मोठ्या लीगचे निरीक्षक वर कोपऱ्यात वही घेऊन बसलेले असतात आणि त्यांना दिसतो तो बर्फावर असलेला मुलगा. बाकावर बसलेला दिसत नाही. प्रतिस्पर्धी खेळाडू शिक्षा भोगत बाहेर असताना, पाचाविरुद्ध चार अशा सोयीच्या दोन मिनिटांत कोणाला पाठवायचे, हे प्रशिक्षक ठरवतो. त्या दोन मिनिटांत गोल होण्याचा संभव जास्त, गोल झाला की आकडे वाढतात आणि आकडे वाढले की निरीक्षकाची वही उघडते.

महाभारताच्या आदिपर्वात द्रोणाची एक गोष्ट आहे. साऱ्या शिष्यांना पाणी आणायला पाठवताना तो त्यांच्या हाती अरुंद तोंडाचे कमंडलू देई आणि अश्वत्थाम्याला मात्र रुंद तोंडाचा कुंभ. कमंडलू भरायला वेळ लागतो, कुंभ लवकर भरतो. कौरव-पांडव नदीकाठी खोळंबलेले असताना मुलगा आधी परत येई आणि तेवढ्या अवधीत पिता त्याला एखादी विद्या जास्तीची शिकवी. अर्जुनाने हे ओळखले आणि वारुणास्त्राने कमंडलू भरून तो अश्वत्थाम्याच्या बरोबरीने परत येऊ लागला. वर्गात ही गोष्ट सांगताना आपण अर्जुनाच्या हुशारीकडे वळतो. आम्हाला आता विस्मय वाटतो तो द्रोणाच्या पद्धतीचा. तो कोणालाही शिकवायला नकार देत नाही, कोणाचे काही हिरावून घेत नाही. फक्त भांडी वेगवेगळी देतो. शिवाय तो राजाच्या पगारावर आहे. ज्या वेळातून तो मुलाला शिकवतो तो वेळ हस्तिनापुराने विकत घेतलेला आहे. ज्युनियर संघाचा मालकच प्रशिक्षक आणि पिताही असतो तेव्हा हस्तिनापूरसुद्धा त्याचेच असते, इतकाच फरक. वर लीगचे आयुक्त असतात हे खरे, पण तेही मालकांच्याच मंडळाला उत्तरदायी.

आम्ही हे असे तावातावाने मांडत असू, कारण आमचे स्वतःचे एक दुखणे होते. आमचा मुलगा गावातल्या लहान मुलांच्या संघात खेळत असे. त्याच्या प्रशिक्षकाचा मुलगा त्याच संघात, त्याच जागेवर. सलग दोन हिवाळे आमच्यापैकी एकाने वर बसून त्या मुलाच्या प्रत्येक शिफ्टची वेळ मोजली. घड्याळ लावून, वहीत. लहान मुलांची एक शिफ्ट पाऊण मिनिटाच्या आसपास असावी असा संकेत; तो मुलगा मिनिट उलटले तरी बाकावर परतत नसे. ती निळी पुठ्ठ्याची वही आम्ही कधी कोणाला दाखवली नाही. पण गाडीतून घरी येताना मुलासमोर त्यातले आकडे वाचले, हे कबूल केले पाहिजे.

२००७-०८ च्या मोसमात प्रशिक्षक बदलले आणि मदतनीस हवे होते. आमच्यापैकी दुसऱ्याने होकार दिला. काम अगदीच सामान्य: बाकाचे छोटे फाटक उघडायचे, थकलेल्यांना आत घ्यायचे, ताज्यांना बाहेर सोडायचे. हॉकीचे ज्ञान आमच्याकडे नव्हतेच. पण प्रशिक्षकाची नजर खेळावर असे, त्यामुळे फळीतली मुले केव्हा बदलायची याची हाक हळूहळू फाटकवालाच देऊ लागला. बोलावून घ्यायला उशीर केला की त्या मुलाचे खेळणे लांबले, एवढी सत्ता त्या हाताला होती. आमचा मुलगा त्याच फळीत होता. फाटकावरच्या माणसाची खात्री होती की तो आपल्या मुलाशी अंमळ कठोरच वागतो. संध्याकाळी जेवताना तो तसे बोलूनही दाखवी.

त्याच मार्च महिन्यात, २२ मार्च २००८ ला, क्वेबेकमध्ये एक प्रकार घडला आणि त्याची चित्रफीत आठवडाभर प्रत्येक वाहिनीवर फिरत राहिली. क्वेबेक रेम्पार्ट्स या ज्युनियर संघाचा प्रशिक्षक, महाव्यवस्थापक आणि सहमालक होता पात्रिक रुआ, या खेळातील महान गोलरक्षकांपैकी एक. त्याच्या संघाचा गोलरक्षक होता त्याचा मुलगा जोनाथन. शिकुतिमीविरुद्धच्या बादफेरीच्या सामन्यात संघ दारुण हरत होता. मैदानावर मारामारी जुंपली आणि जोनाथन आपले जाळे सोडून सगळे मैदान पार करून पलीकडच्या गोलरक्षकावर तुटून पडला. तो गोलरक्षक प्रतिकारही करत नव्हता. त्याच्या काही क्षण आधी बाकामागे उभ्या पात्रिकने हाताने केलेली एक खूण कॅमेऱ्यात आली होती. आपण मुलाला चिथावले नाही, असे पित्याने सांगितले. लीगने मुलाला सात सामन्यांची आणि पित्याला पाच सामन्यांची बंदी घातली. फौजदारी खटला झाला तो फक्त मुलावर. २००९ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि न्यायालयाने शिक्षेविना सोडले. जोनाथन पुढे हॉकी सोडून गायक झाला.

त्या खुणेचा अर्थ काय यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. आम्हाला प्रश्न पडला तो वेगळा. ती खूण जोनाथनने कोणाची म्हणून वाचली असेल? प्रशिक्षकाची खूण खेळाडू नाकारू शकतो, किंमत मोजून का होईना. मालकाची खूण नाकारणारा पगारी प्रशिक्षकही कधीतरी भेटतो. पण तिथे मधे कोणी नव्हतेच. बापाच्या संघात, बापाच्याच जागेवर, बापाच्याच नावाचा सदरा घालून उभ्या असलेल्या मुलाने कोणाकडे पाहायचे? या प्रकरणातील हितसंबंधांची गल्लत इतर मुलांच्या मुळावर येते हे आम्हाला ठाऊक होते. ती कुंभ मिळालेल्या मुलाच्याही मुळावर येते हे तोवर सुचले नव्हते.

सुचले ते त्या चित्रफितीनंतर चार-पाच दिवसांनी. मोसमाचा शेवटचा सामना होता. वर बसलेल्याने जुन्या सवयीने घड्याळ लावले, वही उघडली आणि या खेपेस आपल्याच मुलाच्या शिफ्ट मोजल्या. सत्तर सेकंद. पासष्ट. बहात्तर. त्याच फळीतल्या दुसऱ्या दोघांच्या पन्नासच्या आत. रात्री वही जेवणाच्या टेबलावर ठेवली. फाटकवाल्याला ते आकडे खरे वाटेनात. त्याने दोनदा बेरीज केली. तो खोटे बोलत नव्हता. आपण कठोर आहोत असे त्याला मनापासून वाटत होते, जसे मागच्या वर्षीच्या त्या प्रशिक्षकालाही वाटत असावे. मुलगा शेजारी बसून ऐकत होता. तो एवढेच म्हणाला, “बाबा, मग ते सात गोल माझे की तुझे?”

याच २००७-०८ च्या हिवाळ्यात आल्बर्टातील रेड डीअर गावी जे घडत होते त्याची आठवण आम्हाला वारंवार होते. रेड डीअर रेबेल्स हा संघ ब्रेंट सटर याने १९९९ मध्ये घेतला. सहा भाऊ मोठ्या लीगमध्ये खेळलेल्या घराण्यातला हा माणूस मालक, व्यवस्थापक आणि प्रशिक्षक सगळे स्वतःच होता, आणि त्याचा मुलगा ब्रँडन त्याच संघात खेळत असे. २००७ च्या उन्हाळ्यात ब्रेंट न्यू जर्सीच्या व्यावसायिक संघाचा प्रशिक्षक होऊन गेला. ब्रँडन आणखी एक वर्ष रेड डीअरलाच राहिला. आता बाकामागे पित्याच्या जागी कोण, तर काका ब्रायन! घराणे म्हणजे घराणे. मात्र त्याआधीच कॅरोलायनाच्या संघाने ब्रँडनला निवडसूचीत अकराव्या क्रमांकावर उचलले होते, आणि कॅरोलायनात फाटक त्याच्या बापाच्या हाती नव्हते. मोठ्या लीगमध्ये तो सातशेहून अधिक सामने खेळला. डिलन हंटरला २००४ मध्ये बफेलोने अगदी शेवटच्या फेरीत घेतले. मोठ्या लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे तो आमच्या गावी परतला आणि पित्याच्या हाताखाली प्रशिक्षक म्हणून काम करू लागला. हे दोन्ही शेवट शेजारी ठेवून पित्यांविषयी निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. डेल हंटर हा काही मऊ माणूस नव्हे. दंडाच्या मिनिटांच्या यादीत तो मोठ्या लीगच्या इतिहासात दुसरा आहे. त्याने मुलाला बहात्तर सेकंद दिली की चाळीस, याची कोणी वही ठेवली असेल तर ती आम्ही पाहिलेली नाही.

पुढच्या वर्षी निवडचाचणीच्या वेळी मुलाने आम्हा दोघांनाही आत येऊ दिले नाही. आम्ही गाडीत बसून राहिलो, काचेवर वाफ धरेपर्यंत. दीड तासाने तो पिशवी ओढत आला. त्याची निवड झाली नव्हती. थेम्सवरचा पूल ओलांडेपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला की तिथले प्रशिक्षक त्याला ओळखतही नव्हते, नाव दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा चुकीचे लिहिले. हे सांगताना तो का हसत होता ते आम्हाला कळायला बराच वेळ लागला. त्याने टिम हॉर्टन्सपाशी गाडी थांबवायला सांगितली.