वुडवर्डचा रस्ता आणि दुसरें एंजिन

अमेरिकेंत जाऊन आलेला मनुष्य बहुधा नायगाऱ्याच्या धबधब्याचें नाहीं तर न्यूयॉर्कच्या उंच इमारतींचें वर्णन करतो. तीं दोन्ही स्थळें आम्हींही पाहिलीं. परंतु चार महिन्यांच्या मुक्कामांत आमच्या मनांत घर करून राहिला तो मिशिगन राज्यांतील एक रस्ता, आणि त्या रस्त्यालगतच्या आळींत एका वृद्ध गृहस्थांच्या गॅरेजांत उभी असलेली एक जुनी मोटार.

आमचे चिरंजीव डेट्रॉइट शहराच्या उत्तरेस मोटारींच्या धंद्यांत एंजिनिअर आहेत. त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावरून वुडवर्ड नांवाचा हमरस्ता जातो. डेट्रॉइट नदीच्या कांठीं निघून सुमारें २७ मैलांवर पॉन्टिअॅक गांवीं तो पोंचतो. १८०५ सालीं डेट्रॉइट आगींत जळून गेलें, तेव्हां नव्या शहराची आंखणी करणाऱ्या ऑगस्टस वुडवर्ड ह्या न्यायाधीशाचें नांव त्यास मिळालें आहे. त्याला आडवे छेदणारे रस्ते मैलांनीं ओळखले जातात: सहा मैल, सात मैल, आठ मैल. मुलांकडून पाढे घोकून घेण्यांत ज्याचा जन्म गेला त्या शाळामास्तरास ही व्यवस्था आवडावी ह्यांत नवल नाहीं. सहा आणि सात मैलांच्या दरम्यान १९०९ सालीं काँक्रीटचा एक मैल रस्ता बांधला गेला. मोटारींसाठीं केलेला तसा हमरस्ता जगांत तोच पहिला, असें तेथील लोक अभिमानानें सांगतात.

ह्याच रस्त्यावर १९६० नंतरच्या दशकांत तरुण मंडळी रात्रीं गाड्यांच्या शर्यती लावीत. १९६४ सालीं पॉन्टिअॅक कारखान्यानें मध्यम आकाराच्या गाडींत मोठ्या गाडीचें ६.४ लिटरचें एंजिन बसवून 'जीटीओ' नांवाची गाडी विकावयास काढली. शिडशिडीत मुलाच्या छातींत पहिलवानाचें काळीज घालावें, तसा हा प्रकार! अशा गाड्यांना पुढें 'मसल कार' म्हणूं लागले. ती हौस फार दिवस टिकली नाहीं. धुराविषयींचे कायदे, विम्याचे चढते दर आणि १९७३ सालची तेलटंचाई ह्यांनीं तिचा शेवट केला. पॉन्टिअॅक हें मोटारीचें नांवही २०१० सालीं बंद पडलें. आतां ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारीं जुन्या गाड्यांची जणूं यात्राच वुडवर्डवर भरते. ती १९९५ सालीं सुरू झाली.

चिरंजीवांचे शेजारी पंचाहत्तरी ओलांडलेले गृहस्थ. त्यांच्या गॅरेजांत १९६८ सालची जीटीओ होती. ती मूळची त्यांच्या वडील बंधूंची. बंधूंनीं एका रात्रीं वुडवर्डवर शर्यतींत तिला इतकें पिटाळलें कीं, आंतला दांडा तुटून एंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. एंजिन भंगारांत गेलें. गाडी चाळीसांहून अधिक वर्षें धूळ खात पडली. बंधु निवर्तल्यावर ह्या गृहस्थांनीं ती घरीं ओढून आणिली, आणि तीन वर्षें संध्याकाळच्या वेळीं आमच्या चिरंजीवांच्या मदतीनें ते ती पुन्हां उभी करीत होते.

आम्हांस त्यांतलें कांहीं कळत नसलें तरी पाने हातांत देण्याचें काम मिळालें. गाडीचा सांगाडा व वरील पत्र्याचें अंग हीं निरनिराळीं असल्यामुळें अंग उचलून बाजूस ठेवतां आलें. मागच्या कांचेखालीं आणि सामानाच्या कप्प्याच्या तळाशीं गंजानें चाळण केली होती. तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडला. एंजिन मात्र आणिलें १९७४ सालच्या एका बोजड पॉन्टिअॅक गाडींतलें. मूळचें ६.६ लिटरचें, हें ७.५ लिटरचें, पण त्या कारखान्याच्या ह्या एंजिनांचा बाहेरचा आकार सारखाच ठेविलेला असल्यानें तें जुन्या जागीं सहज बसलें. एका दंतचक्राचे दांते नायलॉनचे होते. जुने झाल्यावर ते तुटून तेलांत पडतात, म्हणून त्या जागीं पोलादी चक्र घातलें. शिवाय मूळ एंजिनांत इंधनवायु दाबून १०.७५ पट लहान जागेंत कोंबला जाई, ह्यांत सुमारें ८ पटच कोंबला जातो. म्हणून आजच्या साध्या, शिसें नसलेल्या पेट्रोलावर तें कुरकुर न करतां चालतें. सारांश, पाहुणें एंजिन आजच्या काळास मूळच्यापेक्षां अधिक मानवलें.

परंतु बाजाराचें शास्त्र निराळें. १९६८ च्या गाडीच्या एंजिनावर समोरच्या बाजूस आंकडे ठोकलेले असतात: २ म्हणजे पॉन्टिअॅक, ८ म्हणजे १९६८ साल, मग कारखान्याचें अक्षर, आणि नंतर त्या गाडीचा स्वतःचा सहा आंकडी क्रम. ते गाडीच्या क्रमांकाशीं जुळले तर किंमत पुष्कळ चढते. एके दिवशीं एक दलाल आला. "१९६८ चें रिकामें एंजिन मी शोधून देतों. वरचा पत्ता घासून तुमचे आंकडे ठोकूं. कोणास कळणार आहे?" असें तो म्हणाला. गृहस्थांच्या पत्नीच्या दीर्घ दुखण्यांत घर गहाण पडलें होतें. गाडी विकण्यावांचून गत्यंतर नव्हतें. त्यांनीं लगेच नाहीं म्हटलें नाहीं.

रात्रीं जेवतांना चिरंजीव म्हणाले, "बाबा, ह्यांत नुकसान कोणाचें? गाडी तीच, कारखाना तोच. तुमची जन्मतारीख तरी कुठें मूळची आहे?"

बाण बरोबर लागला. आमच्या पत्रिकेंत श्रावण महिना आहे, आणि शाळेच्या दाखल्यांत गुरुजींनीं ठोकून दिलेला १ जून! आम्ही म्हणालों, "खरें आहे. पण त्या आंकड्यानें आम्हांस दोन महिने आधीं निवृत्त केलें. तोटा आमच्याच पदरीं आला. येथें तोटा येणार तो विश्वासानें पैसे मोजणाऱ्या परक्याच्या पदरीं."

मग आम्हांस व्याकरण आठवलें. एकाच्या जागीं दुसरा येतो त्यास आदेश म्हणतात, आणि ज्याच्या जागीं येतो तो स्थानी. पाणिनीनें पहिल्याच अध्यायांत सांगून ठेविलें आहे कीं, आदेशास स्थानीसारखेंच मानावें. मात्र जें कार्य प्रत्यक्ष अक्षरावर अवलंबून असेल तेथें नव्हे. हें एंजिन आदेश आहे. गाडी धांवते, चढ चढते, तेथें तें मूळच्यासारखेंच. त्याला १९६८ चा फिकट निळा रंग दिला तोही खुशाल द्यावा, कारण रंग हा गणवेष आहे. पण प्रश्न जेव्हां ठोकलेल्या अक्षरांचा येतो, तेव्हां आदेशानें आपण आदेश आहों हें कबूल केलें पाहिजे. रंग कांहीं शपथ घेत नाहीं. आंकडा हा साक्षीदार आहे.

चिरंजीवांनीं दुसऱ्या दिवशीं हें सर्व शेजाऱ्यांस इंग्रजींतून समजाविलें. ते हंसले, आणि थोड्या वेळानें म्हणाले, "तुमच्या वैयाकरणाचें मला समजलें नाहीं. पण माझ्या भावानें तें एंजिन फोडलें, ही त्याच्या तरुणपणाची माझ्यापाशीं राहिलेली एकच गोष्ट आहे. ती घासून कशी टाकूं?" दलालास त्यांनीं नकार कळविला.

ऑगस्टच्या यात्रेंत गाडी वुडवर्डच्या कडेस उभी राहिली. कांचेमागें एक पुठ्ठा होता: "अंग १९६८ चें. एंजिन १९७४ चें, मूळचें नाहीं." कित्येक लोक तो वाचून पुढें गेले, कित्येक थांबून पहिल्या एंजिनाचें काय झालें तें विचारूं लागले, आणि आमच्या गृहस्थांनीं त्या एका दिवसांत बंधूंच्या शर्यतीची हकीकत वीस वेळां तरी सांगितली असेल.

सप्टेंबरांत गाडी विकली गेली. दलालानें सांगितलेल्या आंकड्याहून किंमत बरीच कमी आली. गहाणाचें सर्व ओझें उतरलें नाहीं. राहिलेलें ते हप्त्यांनीं फेडीत आहेत. घेणाऱ्याच्या हातीं किल्ली देतांना त्यांनीं तो पुठ्ठाही गाडीच्या खणांत ठेवून दिला, आणि पुढें विकाल तेव्हां हाही बरोबर द्या, असें बजाविलें.