एकच नकाशा, पण उत्तरपत्रिका ज्याची त्याची

निवृत्तीनंतर कुणी पेटी शिकतं, कुणी बागेत रमतं. मी जावास्क्रिप्ट शिकलो. आमच्या वाचनालयाच्या देवघेवीसाठी नोडवर एक छोटा सर्व्हर चालवतो. मराठी माध्यमातला बी. ए. मी, त्यामुळे 'डिपेंडन्सी इंजेक्शन' हे नाव ऐकलं तेव्हा आधी सुईच डोळ्यांपुढे आली! मार्टिन फाउलर यांच्या २००४ सालच्या लेखाने हे नाव रूढ झालं. कल्पना मात्र अगदी घरगुती आहे.

भूगोलाच्या तासाला शिक्षक कपाटं धुंडाळत नाही. नकाशा हवा एवढंच सांगतो, शिपाईदादा आणून टांगतात. प्रोग्रॅममध्येही देवघेवीच्या क्लासने डेटाबेसची जोडणी स्वतः करायची नाही, नुसती मागायची. फास्टिफाय या फ्रेमवर्कला ऑविलिक्स ही लायब्ररी जोडणारं प्लगइन आहे, ते शिपाईदादांचं काम करतं. चाचणीच्या वेळी खऱ्या डेटाबेसऐवजी लुटुपुटूचा दिला, तरी क्लासमधली एक ओळही बदलावी लागत नाही.

खरा विचार करायला लावला तो पुढच्या प्रश्नाने. आणलेली वस्तू कुणाकुणाची? इथे तीन पर्याय आहेत. सिंगलटन म्हणजे सगळ्यांत मिळून एक. स्कोप्ड म्हणजे एका विनंतीपुरती एक. ट्रान्झियंट म्हणजे मागाल तेव्हा नवी. काहीच सांगितलं नाही तर हीच मिळते.

डेटाबेसची जोडणी सामायिक असलेली बरी, दरवेळी नवी उघडणं महागात पडतं. पण 'आत्ताचा वाचक कोण' ही नोंदही सामायिक ठेवली तर? नोड एकाच वेळी अनेकांच्या विनंत्या हाती घेतं. एकीचं काम डेटाबेसच्या उत्तरासाठी थांबलेलं असताना दुसरी विनंती येते, ती नोंद बदलते, आणि पहिलीची यादी भलत्याच्याच नावाने निघते. एखाद्या बाईंनी घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेलं, हे शेजाऱ्याच्या पडद्यावर दिसलं तर? लहान गावात अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत पारावर पोचते.

म्हणून ती नोंद मी स्कोप्ड ठेवली आहे. प्लगइन प्रत्येक विनंतीला वेगळा कप्पा देतं, पण त्यात काय ठेवायचं ते आपणच सांगायचं असतं. वर्गात नकाशा सगळ्यांना एक पुरतो, उत्तरपत्रिका मात्र ज्याची त्याला द्यावी लागते. इतकी वर्षं ते हातांनी केलं, आता एका शब्दात लिहितो, एवढाच काय तो फरक.

असो. पटतंय का बघा.