कंची न्हाई घेतली तर चालंल?

बारा वर्षं मी औषध कंपनीचा एमआर होतो. हेडक्वार्टर सातारा. पोवई नाक्यापासून सिव्हिलपर्यंतचे कॉल, मग कराड, आणि महिन्यातून दोनदा पेठ नाक्यावरून आत वळून आष्ट्यामार्गे सांगली-मिरज. 1894 मध्ये वॉनलेससाहेबांनी मिशन हॉस्पिटल काढल्यापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. त्यामुळे तिकडचं टार्गेटही मोठं.

2009च्या डिसेंबरात मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटवस्तू, सहली, रोख घ्यायला बंदी केली. आमच्या मीटिंगमध्ये त्यावर चर्चा झाली आणि ठरलं एवढंच, की बिलावर डॉक्टरांचं नाव येऊ द्यायचं नाही. पुढच्या दिवाळीला सांगलीतल्या एका डॉक्टरांकडे मी फ्रिज पोचवला. बिल मेहुण्याच्या नावाचं. बदल्यात आमच्या कॅल्शियमच्या महिन्याला दोनशे स्ट्रिपा. हा शब्द मीच घेतला होता.

दोन महिन्यांनी त्याच दवाखान्याखालच्या मेडिकलवर आरसीपीए करत उभा होतो. कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर कुठल्या कंपनीचं औषध निघतं, ते वहीत टिपायचं काम. जतहून एसटीने आलेल्या एक आजी आल्या. चिठ्ठीवर पाच औषधं. बीपीची गोळी पहिली, आमचं कॅल्शियम चौथं. बिल ऐकून त्यांनी कमरेची चंची सोडली, घडी पडलेल्या नोटा काउंटरवर एकेक सरळ केल्या, दोनदा मोजल्या. मग माझ्याकडे वळल्या. गळ्यात टाय, हातात बॅग. त्यांना मी डॉक्टरच वाटलो असेन.

"सायेब, ह्यातली कंची न्हाई घेतली तर चालंल?"

मला उत्तर माहीत होतं. दुकानदार डॉक्टरांच्या घरचा, तो माझ्याकडेच बघत होता. मी म्हणालो, "डॉक्टरांनी दिलंय तर सगळं घ्या, आजी."

त्यांनी कॅल्शियम पूर्ण घेतलं आणि बीपीच्या गोळ्या महिन्याऐवजी दहाच दिवसांच्या. मी वहीत आमच्या नावापुढे रेघ मारली.

पोटासाठी करावं लागतं, असं मी पुढे कैक वर्षं सांगत राहिलो. घराचा हप्ता खरा होता. पण त्या काउंटरवर माझी नोकरी कोणी मागत नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोललो नाही.

2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटींच्या खर्चावरची करसवलत नाकारली, 2024 मध्ये औषध कंपन्यांसाठी केंद्राची नवी संहिता आली. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं अजून फोन करतात. परवा एकाने विचारलं, "सर, एसीचं बिल कोणाच्या नावाने करू?" मी त्याला आजींचं सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, महिनाअखेर आहे."