अब्बांची उर्दू वही

ब्रह्मपुरीत आमचं घर विचारायचं असेल तर माझं नाव सांगून उपयोग नाही. "मिलिटरी ट्रकवाले सर" म्हटलं की पोरंसोरंही दारापर्यंत आणून सोडतात. मागच्या सांदवाडीत चिंचेखाली लांब नाकाचा, उंच चाकांचा एक शक्तिमान उभा आहे. २००४ साली तो तिथे उभा राहिला, तो हललाच नाही. कोंबड्यांनी त्याच्या केबिनमध्ये अंडी घातली, मुलांनी त्यावर लपंडाव खेळला. अम्मी हयात असताना त्याच्या हौद्यात वाळवणं घालायच्या.

नव्या पिढीला शक्तिमान म्हटलं की टीव्हीवरचा गिरक्या घेणारा आठवतो. आमचा त्याच्या आधीचा. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर हा ट्रक १९५९ पासून जबलपुरात, आधी गन कॅरेज फॅक्टरीत आणि १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी झाल्यावर तिथे, खास फौजेसाठी तयार होत असे. १९९६ च्या सुमारास त्याचं उत्पादन थांबलं. त्याच्या मॉडेलच्या नावात शेवटी 'ए आर' अशी अक्षरं आहेत. ती 'ऑलराड' या जर्मन शब्दाची, म्हणजे सगळ्या चाकांना जोर देणारा. फौजेत वापरून झालेल्या गाड्या लिलावात निघत आणि त्यांतल्या काही आमच्याकडच्या जंगलकामाला येत.

अब्बांनी १९८९ मध्ये एका भागीदाराबरोबर असाच एक घेतला. वरून निळा रंग दिला, कारण फौजेचा हिरवा रंग खासगी गाडीला लावायला कायद्याने मनाई आहे. आजही कुठे पापुद्रा निघाला की खालून हिरवं डोकावतं. पंधरा वर्षं त्यांनी गडचिरोलीच्या जंगलातून सागाचे लठ्ठे आणि बांबू ओढले, हंगामात राईस मिलचे धान वाहिले. पावसाळ्यात दुसऱ्यांचे ट्रक चिखलात रुतले की लोक अब्बांना बोलवायला येत. पुढच्या चाकांचा गिअर टाकून ते साखळी बांधत आणि ओढून काढत. पैसे क्वचितच घेत. त्यावरून अम्मींशी होणारी भांडणं मी ऐकलेली आहेत.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. आठवीत असताना एकदा मुसळधार पावसात अब्बा मला न्यायला शाळेच्या फाटकाशी ट्रक घेऊन आले. अंगात ऑईलने काळा झालेला बनियन. वर्गातल्या एकाने विचारलं, "कोण रे तो?" मी म्हणालो, "आमचा ड्रायव्हर." आणि भिजत, मागच्या वाटेने घरी गेलो. अब्बांनी हे ऐकलं की नाही, मला माहीत नाही. ते फाटकाशी पुन्हा कधी आले नाहीत, एवढं खरं.

ऑगस्ट २०२० च्या शेवटी गोसेखुर्दचं पाणी सुटलं आणि वैनगंगेने आमच्या तालुक्यातली नदीकाठची गावं वेढली. त्यांतल्या एका गावात माझी फुफी राहते. दोन दिवस तिचा फोन लागेना. अब्बा सांदवाडीत ट्रकच्या बोनेटवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "ये चालू रहता तो मैं गया होता." फुफी सुखरूप निघाली, अल्हम्दुलिल्लाह. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

तोवर काचबिंदूने अब्बांचे डोळे जवळजवळ नेले होते. उजेड-अंधार तेवढा कळायचा. चुलतभावाने एक भंगारवाला आणला. त्याने किलोच्या हिशेबाने सव्वा लाख सांगितले. माझी पत्नी म्हणाली, "मुलीच्या कॉलेजला कामी येतील." तिचं चुकत नव्हतं. मी दोन वर्षांची मुदत मागितली. तिने दिली, आणि एका कागदावर माझा खर्च लिहायला सुरुवात केली.

इंजिन जाम होतं. अब्बांनी सांगितलं तसं सहाही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑईल ओतून ठेवलं, रोज शाळेतून आल्यावर पान्याने थोडा थोडा जोर दिला. सत्ताविसाव्या दिवशी ते बोटभर फिरलं. मग कळलं की खरं काम पुढेच आहे. वॉटर पंपाला तडा, हेडचं गॅस्केट गेलेलं, पुढच्या हबचे सील चुरा झालेले, सेल्फ उंदरांनी खाल्लेला. पार्ट आणायचे कुठून?

अब्बा म्हणाले, "मेरी कॉपी देखो."

पत्र्याच्या पेटीत जाड पुठ्ठ्याची वही निघाली. सगळी उर्दूत. कोणत्या जागी कोणतं बेअरिंग, त्याचा नंबर, सीलचं आतलं माप, बाहेरचं माप, जाडी, ब्रेकच्या रबराचं माप, कोणत्या तारखेला काय बदललं. अब्बा उर्दू चौथीपर्यंत शिकलेले. स्पेलिंगची फिकीर नाही. 'हाऊसिंग'चं 'हौसन', 'डायनामो'चं 'डायनुमा'. मी बी.एड. झालेला, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस, पण पहिल्या आठवड्यात एक पानही धड वाचू शकलो नाही. शब्द मोठ्याने म्हणायचा, अब्बांनी हसायचं आणि ट्रकवर ती जागा हाताने दाखवायची, असं आमचं वाचन चाले.

त्या वहीने मला एक महत्त्वाची गोष्ट शिकवली. मी दुकानादुकानात "शक्तिमानचा सील आहे का?" असं विचारत होतो आणि लोक माना हलवत होते. अब्बा म्हणाले, गाडीचं नाव घेऊच नको, माप सांग. बेअरिंगवर नंबर असतो, सीलला माप असतं. ते कुठल्याही गाडीत बसलेलं असो, दुकानदाराला फरक पडत नाही. नागपुरात एका दुपारी चार बेअरिंगं आणि दोन ब्रेकची रबरं मिळाली. जुना नमुना दाखवून गॅस्केट कापून घेतलं. वर्षभर जे सापडलं नव्हतं, त्यातलं निम्मं एका पिशवीत आलं. काउंटरवरच्या पोराला मी मायकोची नोझल मागितली तेव्हा मात्र त्याने डोळे वटारले. मायकोचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, तेव्हा तो शाळेतही नसेल.

त्याच दिवशी फजिती झाली. पुढच्या हबच्या सीलचं माप मी टिपून आणलं नव्हतं. घरी फोन केला. अब्बांना दिसत नाही, पत्नीला उर्दू येत नाही. नववीतली लेक म्हणाली, "मैं पढ़ती हूँ, आकडेच तर आहेत." तिने वाचलं, ८५-११०-१२. मी तसे दोन सील घेतले, नागभीडमार्गे रात्री एसटीने घरी आलो, सकाळी बसवायला गेलो तर सील शाफ्टवर बांगडीसारखा खुळखुळला. वही पाहिली. ७५-११०-१२. उर्दूतला सात वर उघडा असतो, इंग्रजी व्हीसारखा. आठ त्याच्या उलट, खाली उघडा. लेकीने सातला आठ वाचलं होतं.

ती रडवेली झाली. मला तिच्यावर रागवायला तोंडच नव्हतं. दुसऱ्यांच्या मुलांना मी रोज उर्दू शिकवतो. माझी मुलगी मराठी शाळेत शिकते, कुराण वाचते, पण उर्दूची एक ओळ तिला येत नाही. घरात उर्दू, हिंदी आणि झाडीबोलीची खिचडी बोलली जाते, त्यामुळे काही कमी आहे असं कधी वाटलंच नाही. "पुढच्या सुट्टीत शिकवू" असं म्हणत किती सुट्ट्या गेल्या, ते मोजायला नको. आपल्यापैकी किती घरांत आजोबांची पत्रं, वह्या, हिशेब पेटीत पडून असतील आणि नातवंडांना त्यांतलं एक अक्षर लागत नसेल? असो. त्या संध्याकाळी अब्बांनी तिला ट्रकजवळ बसवलं आणि मडगार्डवरच्या धुळीत बोटाने एक ते दहा आकडे काढून दिले. डोळे नसताना आकडे सरळ आले होते.

वॉटर पंपाची बॉडी मात्र मापावर मिळणारी नव्हती. ओतीव लोखंड, त्याच गाडीचं हवं. मोठ्या शहरातल्या एका व्यापाऱ्याने फोनवर छातीठोकपणे सांगितलं, मी साडेचार हजार पाठवले, आणि खोक्यातून दुसऱ्याच ट्रकचा पंप निघाला. पैसे परत आले नाहीत. पत्नीने कागदावर आकडा लिहिला, बोलली काही नाही. ते जास्त लागलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी जबलपूर गाठलं. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जाणारी छोटी लाईन आता मोठी झाली आहे. दोन दिवस भंगाराच्या गल्ल्या फिरलो. सगळीकडे एकच उत्तर: सब कट गया. फौजेची जुनी गाडी आता ऑनलाईन लिलावात ढिगाने विकली जाते आणि बहुतेक थेट कापायला जाते. तिसऱ्या दिवशी जुहरच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर सहज विषय काढला. एका बुजुर्गांनी पत्ता सांगितला. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी माझ्या मोबाईलमधला फोटो नाकाजवळ धरून पाहिला, माळ्यावर चढले आणि ग्रीस लावलेल्या तपकिरी कागदात गुंडाळलेला पंप घेऊन उतरले. कोरा. अठराशे घेतले. "गाडी चालू झाली की तिचा आवाज फोनवर ऐकवा," म्हणाले.

हिशेब सांगतो: एकूण एकसष्ट हजार. रस्त्यावर मात्र हा ट्रक येणार नाही. जुलै २०२१ मध्ये सरकारने पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम केला, पण तो दुचाकी आणि प्रवासी मोटारींसाठी आहे, ट्रकसाठी नाही. चुलतभाऊ विचारतो, "मग उपयोग काय?" मी अजून त्याला उत्तर दिलेलं नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी ओळखीच्या गॅरेजमधून दोन बॅटऱ्या मागून आणल्या. अब्बांना केबिनमध्ये बसवलं. चावी त्यांनी फिरवली. तीनदा नुसतं घुरघुरलं. चौथ्यांदा चिंचेवरचे सगळे पक्षी उडाले आणि काळ्या धुराने शेजारच्या वहिनींचे वाळत घातलेले कपडे खराब झाले. पत्नी ओट्यावर डोक्यावरचा पदर धरून उभी होती. कागद तिच्या हातात नव्हता. मी जबलपूरला फोन लावला आणि इंजिनाजवळ धरला.

मला वाटलं, अब्बा काही बोलतील. मीही काही बोलणार होतो, शाळेच्या फाटकाबद्दल. त्यांनी हात वर करून गप्प राहायला सांगितलं. मान तिरकी करून ते बराच वेळ ऐकत राहिले.

"तिसरा सिलिंडर बोलत नाही," ते म्हणाले. "नोझल काढ त्याची. आणि आधी बंद कर, डिझेल जळतंय."

लेकीने वही उघडली. तारीख घातली, खाली उर्दूत 'नोझल' लिहिलं. 'नून'वर नुकता द्यायची राहिली होती, ती मी दिली.